शेवटच्या ओळीचे भक्त

फ्रीबीएसडीचा ‘बिल्डवर्ल्ड’, म्हणजे कर्नल हा गाभा वगळता सारी मूळ प्रणाली सोर्स कोडपासून नव्याने घडवण्याची क्रिया, मध्येच कोसळला की पडद्यावरची शेवटची ओळ तेवढी उतरवून घ्यायची आणि निदान मागायचे, ही रीत या स्तंभाने वारंवार हिणवूनही ओसरलेली नाही. या आठवड्यातही ‘एरर कोड १’ एवढ्याच भांडवलावर ती निष्ठेने पाळली गेली. ही ओळ ‘मेक’ या कामे क्रमाने लावणाऱ्या प्रोग्रॅमची असते आणि काहीतरी फसले यापलीकडे ती काहीच सांगत नाही. ‘-जे’ हा पर्याय देऊन अनेक कामे एकाच वेळी सुरू केली असतील, तर एक काम पडल्यावरही उरलेली कामे आपला मजकूर छापत राहतात आणि खरी चूक कितीतरी ओळी वर गाडली जाते.

खरे निदान एका तुलनेत असते. ‘-जे’ काढून तोच बिल्ड दोनदा चालवावा आणि तो कोठे पडतो ते पाहावे. ‘-जे’ असताना कामांचा क्रमच दर वेळी बदलत असल्याने ही तुलना निरर्थक ठरते. दोन्ही वेळा त्याच फाइलवर अडले, तर दोष सोर्समध्ये, ‘मेक डॉट कॉन्फ’मध्ये हौसेने कोंबलेल्या पर्यायांत किंवा ‘यूएसआर-ओबीजे’ या डिरेक्टरीत उरलेल्या मागच्या बिल्डच्या शिळ्या फाइलींत शोधावा. पण अडण्याची जागा दर वेळी बदलत असेल आणि कंपायलर ‘सिग्नल ११’ने, म्हणजे स्वतःच्या नसलेल्या मेमरीला हात लावल्यामुळे, मरत असेल, तर सोर्स बहुधा निर्दोष असतो. कंपायलर मेमरीतील असंख्य पत्त्यांवरून उड्या मारत काम करतो, त्यामुळे रॅममधला एखादा बिट उलटला की पत्ता भलतीकडे नेतो. पत्रे टाइप करताना वर्षानुवर्षे लपून राहिलेला दोष अशा वेळी उघडा पडतो. ‘सिग्नल ९’चे प्रकरण मात्र वेगळे: तेथे बहुतेक वेळा मेमरी आणि स्वॅप संपल्यामुळे खुद्द कर्नलच प्रक्रियेचा बळी घेतो.

हे न पाहता सोर्स पुनःपुन्हा उतरवणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. रंगीत दिवे लावलेल्या, वेग ताणलेल्या रॅमचा या प्रकारांत मोठा वाटा असावा, हा या स्तंभाचा जुना संशय आहे. त्याला पुरावा नाही, पण तो सुटतही नाही.

बिल्ड पार पडला तरी आधी नवे कर्नल बसवून यंत्र पुन्हा सुरू करायचे आणि मगच घडवलेली प्रणाली जागेवर बसवणारे ‘इन्स्टॉलवर्ल्ड’ चालवायचे असते, कारण जुने प्रोग्रॅम नव्या कर्नलवर सहसा चालतात, पण नव्या प्रोग्रॅमना लागणाऱ्या सोयी जुन्या कर्नलमध्ये असतीलच असे नाही. हे सारे सोर्ससोबतच येणाऱ्या ‘अपडेटिंग’ या फाइलमध्ये लिहिलेले असते, शिवाय तिच्यात ताजी नोंद सर्वांत वर असते. शेवटच्या ओळीच्या भक्तांची मोठी गैरसोय होते ती तेथेच.