पंतप्रधान थेट निवडावा काय?

निवडणुकीचा हंगाम आला कीं एक सूचना पुनः पुनः पुढें येते. देशाचा पंतप्रधान लोकसभेंतील बहुमतानें न ठरतां साऱ्या मतदारांनीं थेट निवडावा, ही ती सूचना होय. ज्यानें मत एका पक्षास दिलें आणि निकालानंतर आपला प्रतिनिधि दुसऱ्याच पंक्तीस बसलेला पाहिला, त्या मतदाराचा संताप खोटा नाहीं. महाराष्ट्रास हा अनुभव ताजा आहे. जून २०२२ मधील पक्षफुटीवर अपात्रतेचा निर्णय विधानसभाध्यक्षांनीं दिला तो जानेवारी २०२४ मध्यें. तोंवर त्या विधानसभेचा बहुतेक काळ सरून गेला होता. परंतु रोग खरा असला म्हणजे सुचविलेलें औषधही खरें असतें, असें नाहीं.

हें औषध एका देशानें घेऊन पाहिलें आहे. लहान पक्षांच्या सौदेबाजीस कंटाळून इस्रायलनें १९९२ सालीं पंतप्रधानाच्या थेट निवडणुकीचा कायदा केला. लोकांचा कौल मिळालेल्या पुरुषास कोणाची मनधरणी करावी लागणार नाहीं, अशी सुधारकांची अपेक्षा होती. घडलें तें उलट. मतदाराच्या हातीं दोन मतें आलीं. एक त्यानें पंतप्रधानास दिलें, व राज्य कोणाचें याची चिंता मिटल्यामुळें दुसरें निःशंकपणें आपल्या पंथाच्या वा गटाच्या पक्षास दिलें. तेथील मजूर व लिकुड या दोन मोठ्या पक्षांस १२० पैकीं १९९२ सालीं ७६ जागा होत्या. मित्रगट धरूनही त्या १९९६ सालीं ६६ व १९९९ सालीं अवघ्या ४५ झाल्या. थेट निवडलेल्या पंतप्रधानास कायदेमंडळाचा विश्वास हवाच होता. तो मिळविण्यास त्याला पूर्वींहून अधिक दारें झिजवावीं लागलीं. १९९६, १९९९ आणि २००१ अशा तीन निवडणुकांनंतर २००१ सालींच त्या देशानें हा कायदा रद्द केला.

इतकें दूर तरी कशास जावें? आपल्या राज्यानें २०१७ सालीं सरपंचाची थेट निवडणूक सुरू केली, २०२० सालीं ती मोडली व २०२२ सालीं पुनः आणली. सरपंच एका पॅनेलचा आणि सदस्यांचें बहुमत दुसऱ्या पॅनेलचें, असा प्रसंग ज्या गांवावर आला असेल तेथील ग्रामस्थांस ठराव कसे अडतात हें सांगावयास नको. चावडीवर जें अडतें तें दिल्लीस सुरळीत चालेल, असें मानण्यास आधार काय?

कोणी म्हणेल, मग अध्यक्षीय पद्धतिच घ्यावी. ती सर्वत्र घातक ठरली असें आम्ही म्हणत नाहीं. फ्रान्सनें १९६२ सालीं सार्वमतानें अध्यक्षाची थेट निवडणूक स्वीकारली व तेथील लोकसत्ता टिकून आहे. परंतु त्याच फ्रान्सनें १८४८ सालीं लुई नेपोलियन यास प्रचंड बहुमतानें अध्यक्ष निवडलें, आणि तीन वर्षांत त्यानें लोकसभा मोडून सारी सत्ता आपल्या हातीं घेतली. जनतेनें मला निवडलें आहे, मध्यें बोलणारे तुम्ही कोण, हें उत्तर अशा पुरुषाच्या ओठावर नेहमींच तयार असतें.

४ नोव्हेंबर १९४८ रोजीं घटनासमितींत डॉ. आंबेडकरांनीं हाच भेद उलगडून दाखविला होता. अमेरिकन पद्धतींत स्थैर्य अधिक, जबाबदारी कमी. संसदीय पद्धतींत जबाबदारी अधिक, स्थैर्य कमी. पहिलींत कारभाराचा हिशेब ठराविक मुदतीनें होतो. दुसरींत प्रश्न, तहकुबी व अविश्वासाचे ठराव यांनीं तो दररोज होतो. भारतास दररोजचा हिशेब अधिक हितकर, असा त्यांचा निर्णय होता, व आमच्या मतें तो आजही योग्य आहे.

मात्र तो हिशेब आज खरोखर होतो काय? १९८५ सालच्या दहाव्या परिशिष्टानें पक्षादेश मोडणाऱ्याची जागा जाते. फुटणाऱ्यांस आळा बसावा हा हेतु. पण गट करून फुटणारे सुटले आणि प्रामाणिकपणें विरुद्ध मत देणारा मात्र बांधला गेला. दुरुस्ती हवी ती येथें. पक्षादेशाचें बंधन विश्वासाच्या ठरावापुरतें व अर्थसंकल्पापुरतें ठेवावें; अपात्रतेचा निवाडा सभागृहाच्या अध्यक्षाकडून काढून स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे ठराविक मुदतींत सोंपवावा; पक्षांतील निवडणुका गुप्त मतदानानें व्हाव्यात. स्थैर्याचीच काळजी असेल तर जर्मनीच्या १९४९ च्या घटनेंतील नियम आहे: नवा प्रधान बहुमतानें निवडल्यावांचून जुना खालीं ओढतां येत नाहीं.

यांतील एकही सुधारणा सभेंत टाळ्या मिळवून देणारी नाहीं, हें आम्ही जाणतों. परंतु मत मागावयास येणाऱ्या उमेदवारास वाचकांनीं एवढें अवश्य विचारावें: पंतप्रधान कोण होणार तें कळलें, त्याचें चुकलें तर तुम्ही सभागृहांत उभे राहून तसें सांगाल काय, व सांगितल्यावर तुमची जागा राहील काय? याचें उत्तर जोंवर मिळत नाहीं, तोंवर निवडणुकीची तऱ्हा बदलून कांहीं साधणार नाहीं.