लाल दिवा लागेपर्यंतची लोकशाही

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक आली की आपल्याकडच्या काही सुशिक्षितांना एक खास उमाळा येतो. सोयगावातही अशी मंडळी आहेत. तिकडचा टीव्हीवरचा वाद रात्री नऊला सुरू होतो तेव्हा इकडे सकाळचे साडेसहा वाजलेले असतात. चहा पीत पीत तो पाहायचा आणि मग बसस्टँडपासून तहसील कचेरीपर्यंत भेटेल त्याला ऐकवायचे, 'याला म्हणतात लोकशाही!' अशाच एका व्यासंगी गृहस्थांनी मध्यंतरी जाहीर व्याख्यानात मागणीच करून टाकली. आमदारकीच्या, खासदारकीच्या, झालेच तर नगराध्यक्षपदाच्या उमेदवारांना कॅमेऱ्यासमोर उभे करा, प्रत्येक प्रश्नाला दोन मिनिटे द्या. जात, पैसा, जेवणावळी सगळे गळून पडेल आणि मुद्दे तेवढे उरतील. टाळ्या पडल्या. मत दोन मिनिटांत मांडून होण्यासारखे होते, तेव्हा टाळ्या पडणारच.

त्यांचे म्हणणे तीन कलमांत बसते. सभेत पुढारी एकटाच बोलतो, टीव्हीवर त्याला उत्तर द्यावे लागते. समोरासमोर खोटे टिकत नाही. आणि अमेरिका एवढी पुढे गेली ती यामुळेच. तिसरे कलम त्यांनी अगदी याच शब्दांत मांडले नसेल, पण सूर तोच होता.

या प्रकाराची सुरुवात झाली २६ सप्टेंबर १९६० रोजी, शिकागोच्या एका स्टुडिओत. केनेडी आणि निक्सन समोरासमोर आले आणि सुमारे ७ कोटी लोकांनी त्यांना पाहिले. त्या रात्रीचा एखादा मुद्दा आज कोणी सांगून दाखवावा. लोकांना आठवतो तो निक्सन यांचा घाम. ते गुडघ्याच्या दुखण्यातून नुकतेच उठले होते, वजन घटले होते आणि धड मेकअप करून घ्यायलाही ते तयार नव्हते. तरी त्या वादाची एक गोष्ट मान्य करायला हवी. दोघांना सुरुवातीचे निवेदन करायला प्रत्येकी ८ मिनिटे मिळाली होती.

आता २७ जून २०२४ च्या अटलांटातल्या बायडेन-ट्रम्प वादाचे नियम पाहा. सुरुवातीचे निवेदनच नाही. प्रश्नाला उत्तर २ मिनिटे, त्यावर प्रत्युत्तर १ मिनिट. उमेदवाराजवळ एक पेन, एक कोरी वही आणि पाण्याची बाटली. लिहून आणलेला कागद चालणार नाही. पंधरा सेकंद उरले की पिवळा दिवा, पाच सेकंद उरले की लाल दिवा लुकलुकणार, वेळ संपली की लाल दिवा कायम आणि पाळी नसलेल्याचा माईक बंद. मध्ये दोन जाहिरातींच्या सुट्ट्या. जगातल्या सर्वांत बलाढ्य देशाचा कारभार मागणाऱ्या दोन म्हाताऱ्यांना, आपल्या आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेत सातवीच्या पोराला मिळतो तेवढाही वेळ एका दमात मिळाला नाही. त्या पोराला निदान पहिल्या घंटेनंतर समारोप करायची मुभा असते.

दोन मिनिटांत काय सांगता येते? सोयगावच्या शेतकऱ्याच्या कापसाचेच घ्या. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये. पण खरेदी केंद्रावर ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापला जातो आणि १२ च्या वर गेला की गाडी परत. त्याच वर्षी १९ ऑगस्टपासून सरकारने कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क उठवले आणि ही सवलत ३१ डिसेंबरपर्यंत चालवली, म्हणजे नेमकी नवा कापूस घरात येण्याच्या दिवसांत. गिरण्यांना स्वस्त कापूस हवा होता, शेतकऱ्याला भाव. यात कोणाचे किती नुकसान झाले, केंद्रे उशिरा उघडली तर तोवर व्यापाऱ्याने काय भावाने माल उचलला, आणि हे सगळे पुढच्या हंगामात कसे टाळणार, हा एका तासाचा विषय आहे. दोन मिनिटे दिलेला उमेदवार काय करील? 'बळीराजा' हा शब्द तीनदा उच्चारील, समोरच्याच्या बापजाद्यांनी काय केले ते विचारील आणि दिवा लाल व्हायच्या आत एक चुरचुरीत वाक्य फेकील. मूर्ख असला तर नव्हे, हुशार असला तर हेच करील. खेळाचा नियमच तसा आहे.

तिकडे नेमके हेच घडते. १९८४ मध्ये ७३ वर्षांच्या रेगन यांना वयावरून प्रश्न आला, तेव्हा त्यांनी प्रतिस्पर्ध्याच्या तारुण्याचा आणि अननुभवाचा आपण राजकीय फायदा उठवणार नाही, असा टोला हाणला. प्रतिस्पर्धी माँडेल ५६ वर्षांचे होते, तेही हसले. प्रश्न तिथेच मेला. १९९२ मध्ये थोरल्या बुश यांनी मनगटावरच्या घड्याळात पाहिले, बातमी तीच झाली. २०२० मध्ये उपाध्यक्षपदाच्या वादात एका उमेदवाराच्या डोक्यावर माशी बसली आणि दुसऱ्या दिवशी माशीनेच बाजी मारली. १९७६ च्या पहिल्या वादात ध्वनियंत्रणा बंद पडली. फोर्ड आणि कार्टर २७ मिनिटे आपापल्या उंच टेबलांमागे पुतळ्यासारखे उभे राहिले. त्या २७ मिनिटांत दोघांपैकी एकानेही चुकीची आकडेवारी दिली नाही, एवढे श्रेय त्यांना द्यायला हवे.

सगळ्यांत बोलके उदाहरण १० सप्टेंबर २०२४ चे. ट्रम्प आणि कमला हॅरिस यांच्यात आयातकरावर बोलणे झाले. हा कर अमेरिकेच्या गिऱ्हाइकाच्याच खिशातून जाईल, असे त्या म्हणाल्या. परदेश पैसे भरतील, असे ते म्हणाले. दोन-चार मिनिटांत प्रकरण मिटले. मग ट्रम्प यांनी एका गावात स्थलांतरित लोक कुत्री-मांजरे खातात, असे सांगितले. तिथल्या अधिकाऱ्यांनी त्याला काहीही आधार नसल्याचे सांगितले होते आणि वाद चालवणाऱ्याने तिथल्या तिथे तसे बोलूनही दाखवले. तरी ६ कोटी ७० लाख प्रेक्षकांच्या लक्षात राहिली ती कुत्री-मांजरेच, आणि मते मिळायची ती ट्रम्प यांना मिळाली. समोरासमोर खोटे टिकत नाही म्हणणाऱ्यांनी याचा जरूर विचार करावा. वर्षाच्या आत, ऑगस्ट २०२५ मध्ये, भारतीय मालावर ५० टक्के कर बसला, कापडगिरण्या हवालदिल झाल्या आणि कापसाचे आयातशुल्क उठले. सोयगावच्या कपाशीशी नाते असलेला एकच विषय त्या वादात होता आणि तोच कुत्र्या-मांजरांनी खाल्ला.

बाकीचे आक्षेप थोडक्यात उरकता येतील. कोण येणार, कोण विचारणार, हे उमेदवारांचेच लोक ठरवतात. १९८८ मध्ये दोन्ही प्रचारयंत्रणांनी आपसात १६ पानी करार केला, तेव्हा आयोजक असलेल्या लीग ऑफ विमेन व्होटर्सने हा मतदारांशी चाललेला कपटव्यवहार आहे असे जाहीर करून अंग काढून घेतले. तिसऱ्या उमेदवाराला दारातच अडवतात. शिवाय आपला मतदार राष्ट्राध्यक्ष निवडत नाही. सोयगाव तालुका जिल्ह्याला संभाजीनगरचा, विधानसभेला सिल्लोडचा, लोकसभेला जालन्याचा आणि बाजाराला पाचोऱ्याचा. मुंबईच्या स्टुडिओत भांडणारे दोन नेते यातल्या कोणत्या मतपत्रिकेवर असतात?

प्रतिपक्षाचा एक मुद्दा मात्र बिनतोड आहे. जून २०२४ च्या वादामुळेच बायडेन यांची अवस्था देशाला दिसली आणि २१ जुलैला त्यांनी माघार घेतली. खरे आहे. पण तो वैद्यकीय तपासणीचा लाभ झाला. त्या दीड तासात धोरणाचे काय कळले, हे पाहणाऱ्यांनाच विचारावे.

इथे एक जुने भांडण आठवते. याच विचाराच्या मंडळींनी २०१७ मध्ये थेट सरपंच निवडीचा जयघोष केला होता. एक चेहरा, एक जबाबदारी, गट-तट खलास! २०२० मध्ये तो कायदा गेला, २०२२ मध्ये परत आला. सरपंच एका पॅनेलचा आणि बहुमत दुसऱ्याचे, अशा गावांत ठराव कसे अडतात, यावर तेव्हाही कोणी बोलले नव्हते, आजही बोलत नाही. चेहरा मोठा केला की कारभार सुधारतो, ही समजूत चिवट आहे.

मग करायचे काय? वाद नकोत, असे कोणीच म्हणत नाही. १८५८ मध्ये लिंकन आणि डग्लस सिनेटच्या जागेसाठी इलिनॉयमध्ये सात ठिकाणी भिडले. पहिल्याला एक तास, दुसऱ्याला दीड तास, पुन्हा पहिल्याला अर्धा तास. त्याच्या आदल्याच वर्षी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबाबा ब्रह्मचारी आणि ख्रिस्ती मिशनरी यांचे वाद जानेवारीपासून महिनोन् महिने चालले आणि पुढे ते पुस्तकरूपाने छापले गेले. परक्या देशाचा कित्ता गिरवायचाच तर जुना गिरवावा. एक विषय, एक तास, हातात कागद, प्रश्न आठवडाभर आधी लेखी दिलेले.

आणि खेड्यांसाठी तर सोय तयारच आहे. ग्रामपंचायत अधिनियमाप्रमाणे वर्षातून चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात, त्यांच्याआधी महिलांची वेगळी सभा होते. गणपूर्तीला १५ टक्के मतदार किंवा १०० जण, जे कमी असेल ते. तेवढेही जमत नाहीत, सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, म्हणून मग पाच-पंचवीस सह्यांवर वर्षाचा आराखडा मंजूर होतो. तिथे सरपंचाला हिशोब विचारताना लाल दिवा लागत नाही.

सोयगाव गावात मात्र नगरपंचायत आल्यापासून ग्रामसभा उरलेली नाही, आणि नगरपंचायतीच्या सर्वसाधारण सभेत नागरिकाला बोलता येत नाही. व्याख्याते याच गावचे मतदार आहेत. त्यांनी कॅमेऱ्याआधी एवढे मागावे की नगरपंचायतीने वर्षातून दोनदा बाजारपटांगणावर सभा लावावी, अर्थसंकल्पाची प्रत आठ दिवस आधी वाटावी आणि नगराध्यक्षांनी प्रश्न संपेपर्यंत बसावे. खर्च ध्वनिक्षेपकाचा आणि सतरंज्यांचा.