किनाऱ्याचा घसारा कोणाच्या वहीत लिहायचा?



मी बीडचा. आपल्याकडे समुद्र नाही, उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारी माणसं आहेत. तरी आज समुद्रकिनाऱ्यावर लिहितोय, कारण धंद्याचा एक धडा मला तिथे मिळाला आणि व्हिडिओत तो नीट सांगता आला नाही.

दिवाळीनंतर कोकणात गेलो होतो. कॉलेजच्या ट्रिपला ज्या किनाऱ्यावर गेलो होतो, मुद्दाम तिथेच. गावाचं नाव घेत नाही. तेव्हा वाळूत पाय भाजत होते, आता पायाखाली बाटल्यांची झाकणं टोचत होती. चहा घेतला. टपरीवाला म्हणाला, "दादा, पहिल्यासारखं गिऱ्हाईक नाही राहिलं. लोक येतात, फोटो काढतात आणि पुढच्या बीचला जातात." त्याच्या टपरीमागे शहाळ्यांचा आणि कपांचा ढीग होता. मी विचारलं, हे कोण उचलतं? तो हसला फक्त.

बीबीएला आपण घसारा शिकतो. फ्रीज घेतला की दरवर्षी त्याची किंमत थोडी कमी लिहायची, म्हणजे नवा घ्यायची वेळ येईल तेव्हा धक्का बसत नाही. त्या टपरीवाल्याकडे फ्रीजचा हिशोब असेलही. पण त्याचं खरं भांडवल फ्रीज नाही, ती वाळू आहे. तिचा घसारा कोणीच लिहीत नाही, कारण ती कोणाच्याच नावावर नाही.

गोव्याचं उदाहरण बघा. जून २००० मध्ये 'रिव्हर प्रिन्सेस' नावाचं जहाज कांदोळी-सिकेरीच्या किनाऱ्याजवळ रुतलं. ते पूर्ण काढायला २०१२ उजाडलं. बारा वर्षं! तिथली वाळू खचत गेल्याच्या तक्रारी होत राहिल्या आणि गंजणारं लोखंड पर्यटकांच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. जबाबदारी कोणाची यावर वाद चालू असताना सीझन मात्र दरवर्षी येऊन जात होता. पर्यटक तुमचा वाद संपायची वाट बघत नाही, तो दुसरीकडे जातो.

आता उलटं उदाहरण. मुंबईतलं वर्सोवा. ऑक्टोबर २०१५ मध्ये अफरोज शाह नावाच्या वकिलांनी एका वयस्कर शेजाऱ्याला घेऊन तिथला कचरा उचलायला सुरुवात केली. पुढे शेकडो लोक जोडले गेले. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी त्यांचा गौरव केला आणि २०१८ मध्ये त्याच वाळूत ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं दिसली. पण २०१७ मध्ये काम काही दिवस थांबवावं लागलं होतं, कारण गोळा केलेला कचरा वेळेवर उचलला जात नव्हता आणि स्वयंसेवकांना त्रास दिला जात होता, हेही विसरू नका. झाडू मारणारे हात कितीही असले तरी गाडी आली नाही तर ढीग तिथेच राहतो.

म्हणून "सगळं सरकारनं करावं" हे मला पटत नाही, आणि "लोकांनीच सुधारावं" हेही पटत नाही. नाल्यातून समुद्रात येणारा कचरा टपरीवाला थांबवू शकत नाही, ते काम पालिकेचंच. पण रोज तिथे उभा राहणारा, सगळ्यात जास्त नुकसान होणारा माणूस व्यापारी आहे. पहिला आवाज त्याचा हवा.

आणि यात कमाई नाही असं नाही. रत्नागिरी जिल्ह्यातलं वेळास घ्या. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेनं २००२ पासून गावकऱ्यांबरोबर कासवांची अंडी जपायला सुरुवात केली. आज लोक पिल्लं समुद्रात जाताना बघायला तिथे जातात, गावातल्या घरांत राहतात, घरचं जेवतात. मोठं हॉटेल नाही, रोषणाई नाही. किनारा जपला, हेच त्यांचं मार्केटिंग.

तुम्ही म्हणाल, मी साफ करणार आणि शेजारचा फेकणार, मग माझाच तोटा ना? बरोबर आहे. हा प्रश्न मलाही पडला होता. माझ्या दुकानाशेजारच्या मोकळ्या प्लॉटवर कचऱ्याचा ढीग असायचा. लेकरं घेऊन येणाऱ्या बायका नाक दाबून पुढच्या दुकानात जायच्या. दोन वर्षं मी फक्त चिडलो. मग आम्ही सहा दुकानदारांनी रोज दहा-दहा रुपये काढायचं ठरवलं. एकानं दिले नाहीत. तरी पाच जणांच्या पन्नास रुपयांत सकाळी झाडायला माणूस मिळाला, आणि पाच सह्यांचा अर्ज एकट्याच्या तक्रारीपेक्षा लवकर ऐकला गेला. सहावा आजही फुकटात फायदा घेतो. घेऊ दे. त्याच्यावर रुसून मी माझं गिऱ्हाईक घालवणार नाही.

आपल्याकडे सौताड्याचा धबधबा आहे, कपिलधार आहे. पावसाळ्यात तिथे कणसं, भजी, चहा विकायचा विचार तुमच्यापैकी काही जण करत असतील. जरूर करा. फक्त खर्चाच्या यादीत गॅस, तेल, बेसन लिहिताना अजून एक ओळ लिहा : जागेचा घसारा. रोजचे वीस रुपये धरा. त्यातून एक डबा, एक पोतं आणि संध्याकाळी अर्ध्या तासाची मजुरी निघते. शेजारच्या टपरीवाल्यालाही पहिल्याच दिवशी सांगा, सीझन संपल्यावर नाही.

कोकणातल्या त्या चहावाल्याचा चहा खरंच फक्कड होता. पण मी परत तिथे जाणार नाही.

तुमच्या धंद्याचं कुठलं भांडवल तुमच्या वहीत नाही? आज रात्री गल्ला मोजून झाला की दुकानाबाहेर उभं राहून एकदा बघा आणि कमेंटमध्ये सांगा.