बहुमताचे गणित आणि आपल्या मागण्या

१९७१ साली काँग्रेसला मते पडली सुमारे ४४ टक्के, जागा मात्र ३५२. मतदारसंघात ज्याची मते सर्वांत जास्त तोच विजयी, या पद्धतीची ही करामत! त्या दोनतृतीयांश बहुमताच्या जोरावर सरकारने मे १९७४ चा रेल्वे संप चिरडला. हजारो बांधव तुरुंगात गेले, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या.

१९९७ चे संयुक्त आघाडीचे सरकार बाहेरच्या पाठिंब्यावर उभे होते. पाचव्या वेतन आयोगाची २० टक्के फिटमेंट संपाच्या इशाऱ्यानंतर ४० टक्के झाली. इशारा १९७४ लाही होताच. आमची एकजूट दोन्ही वेळी होती. समोरचे सरकार वेगळे होते.

पेन्शन निधीचे विधेयक डाव्या पक्षांनी २००८ पर्यंत अडवून धरले. त्यांचा पाठिंबा गेला आणि २०१३ मध्ये ते मंजूर झाले. नवी पेन्शन मात्र १ जानेवारी २००४ पासून साध्या अधिसूचनेने लागू झालीच होती. तिथे संसदेला विचारले कोणी?

२०२४ च्या निवडणुकीत एकाही पक्षाला स्वबळावर बहुमत मिळाले नाही. आठव्या वेतन आयोगासंबंधीची निवेदने शाखांनी मंत्र्यांबरोबरच मित्रपक्षांच्या खासदारांनाही द्यावीत, आणि पोच घ्यावी.