फाँट काढा, पण पेंटरला विसरून नको

हल्ली जुन्या रंगवलेल्या पाट्यांचे फोटो काढायची हौस वाढली आहे. वाईट काही नाही. पण त्या फोटोंवरून झटपट 'रेट्रो' फाँट पाडायचा आणि वर संस्कृती वाचवली म्हणून आपणच आपली पाठ थोपटायची, हे मला पटत नाही.

जांभूळहून बदलापूरला जा नाहीतर अंबरनाथला, पण जाताना पाट्या वाचत जा. 2022 साली कायदा बदलला. छोट्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली, मराठी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालणार नाही असं ठरलं. छान झालं. अक्षर मोठं झालं. पण कुठलं? फ्लेक्सवाल्याच्या कॉम्प्युटरात असेल ते! नाव लांब असेल तर दाबायचं, आखूड असेल तर ताणायचं. ताणलं की उभ्या रेघा जाड होतात, आडव्या तशाच राहतात आणि अक्षर सुजल्यासारखं दिसतं. ल आणि श तर बऱ्याचदा हिंदी वळणाचे. मराठी वळण कोणतं हे सरकारने 2009 मध्येच ठरवून दिलंय, पण वाचतो कोण?

पेंटर असं करत नसे. खडूच्या रेघा मारून तो आधी अक्षरं बेताने बसवी. जागा कमी पडली तर अख्खं अक्षर अरुंद काढी, रेघेची जाडी मात्र तीच. 'कि'ची वेलांटी वेगळी, 'क्ति'ची वेगळी, कारण खालचं जोडाक्षर रुंद. हे ज्ञान आहे महाराज, नुसती जुनी आठवण नव्हे!

आता फाँटचं बघू. एका पाटीवर अक्षरं मिळणार दहा-वीस. इंग्रजीचं लहान-मोठी मिळून 52 अक्षरांत बरंचसं भागतं, देवनागरीला जोडाक्षरं धरून शेकडो आकार लागतात. उरलेले कोण काढणार? ज्याचा हात आहे त्यालाच विचारायला हवं ना? "पाटीवरच्या अक्षरावर कसला आलाय हक्क?" असं कुणी म्हणेल. मग बऱ्याच पाट्यांच्या कोपऱ्यात पेंटरचं नाव असतं ते कशासाठी? दिल्लीच्या हनीफ कुरेशींनी (ते 2024 मध्ये गेले) अशा फाँटना पेंटरांचीच नावं दिली. आपल्याला काय अडचण आहे?

माझं भांडण कॉम्प्युटरशी नाही. र. कृ. जोशी सुलेखनातले दादा माणूस, आणि विंडोजमधला 'मंगल' त्यांनीच घडवला. मुंबईच्या 'एक टाइप'चे 'मुक्ता' आणि 'बालू' कुणालाही मोफत वापरता येतात. म्हणजे हाताचं अक्षर जाणणारी माणसं आपल्याकडे आहेत, फाँट घडवणारीही आहेत.

तेव्हा फाँट जरूर काढा. पेंटरला शेजारी बसवून काढा, त्याचं नाव द्या, मेहनताना द्या, सगळी जोडाक्षरं पुरी करा. आणि मग तो फ्लेक्सवाल्याच्या हातात फुकट ठेवा. तो सरकारी खर्चाने झाला तरी माझी हरकत नाही. मराठी पाटीची सक्ती करणाऱ्यांनी मराठी अक्षराचा खर्चही उचलायला नको का?