याजकाच्या छातीवरील बारा नावे

निर्गमाचा 28 वा अध्याय आमचे विद्यार्थी बहुधा कंटाळूनच वाचतात. सोने, निळे, जांभळे व किरमिजी सूत, तलम सणाचे कापड, झग्याच्या घेराला आळीपाळीने लावलेली सोन्याची घुंगरे व डाळिंबे, हा तपशील शिंप्याच्या वहीत शोभेल, धर्मशास्त्रात कशाला, असा त्यांचा प्रश्न असतो. प्रश्न रास्त आहे. परंतु त्या पोशाखाचे मर्म, आमच्या मते, खांद्यांवर व छातीवर शोधावे. एफोदाच्या दोन्ही खांद्यांवर एकेक मणी असून त्यांवर इस्राएलाच्या पुत्रांची नावे सहा-सहा अशी जन्मक्रमाने कोरावयाची होती. आणि ऊरपटावर चार ओळींत बारा रत्ने बसवून प्रत्येकावर एकेका वंशाचे नाव. अहरोन पवित्रस्थानी जाई तेव्हा सारी प्रजा त्याच्या खांद्यांवर व हृदयावर असे. ती नावे नसती तर तो नुसता एक नटलेला मनुष्य झाला असता.

खांद्यांवरील क्रम धनाचा वा बळाचा नव्हता. रत्ने निरनिराळ्या जातींची होती, ऊरपट मात्र एकच होता. वसईतील आम्हां ख्रिस्ती लोकांनी येथे थोडे थांबावे हे बरे. सामवेदी, वाडवळ, कोळी, आदिवासी असे आमचे समाज एका वेदीपुढे गुडघे टेकतात. परंतु सोयरिकीचा प्रश्न निघाला की पुष्कळदा जुनीच कुंपणे आठवतात. अशा मंडळीपुढे उभ्या राहणाऱ्या धर्मगुरूच्या छातीवर कोणाकोणाची नावे आहेत, हे आपण कधी विचारतो काय? वस्त्राची जर मात्र आम्ही निरखून पाहतो, व तिची चर्चा प्रवचनापेक्षा अधिक काळ चालते!

लेवीयाच्या 16 व्या अध्यायात तर याहून विलक्षण गोष्ट आहे. वर्षातून एकदा, प्रायश्चित्ताच्या दिवशी, परमपवित्रस्थानात शिरताना प्रमुख याजकाने सोन्याची वस्त्रे घालावयाची नसत. स्नान करून साधी सणाची वस्त्रे परिधान करावयाची असत. वर्षातील सर्वांत गंभीर विधीस सोने लागले नाही.

कित्येकांचा असा समज आहे की आजचा मिस्सेचा झगा अहरोनापासून जसाच्या तसा चालत आला. तसे नाही. त्याचे मूळ प्राचीन रोमन लोकांच्या साध्या बाह्य वस्त्रात आहे. 1969 साली भारतातील धर्माध्यक्षांच्या विनंतीवरून रोमने येथील उपासनेसाठी साधा अंगरखा व अंगवस्त्र यांस मान्यता दिली, तेव्हा ते परके म्हणून पुष्कळांनी नाके मुरडली. रोमन वाटसरूचे पांघरूण पवित्र होऊ शकते, मग आमच्या वाडवडिलांच्या खांद्यावरील वस्त्राने काय पाप केले?

वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया 1597 साली नागासाकी येथे क्रुसावर रक्तसाक्षी झाले व 1862 साली संतपदास पोहोचले. ते फ्रान्सिस्कन बंधू होते, याजक नव्हते. मिस्सेचे वस्त्र त्यांच्या अंगावर कधी चढलेच नाही; जाडाभरडा झगा व कमरेस दोरी, एवढाच त्यांचा पोशाख.

आमची एक सूचना आहे. पुढे कोणा नवदीक्षित गुरूंसाठी वस्त्र शिवावयाचे झाल्यास एकाच सधन घराने ते देऊ नये. कोळीवाड्यापासून आदिवासी पाड्यापर्यंत दर घरामागे एक रुपया गोळा करावा, आणि तेवढ्यात जे कापड येईल ते घ्यावे.