पंचवीस गाड्या आणि थोडी चिलटं

पोर्शे ९१७ म्हटलं की लोकांना आठवते ती १९७१ च्या 'ल माँ' सिनेमातली स्टीव्ह मॅक्वीनची निळी-नारिंगी गाडी. माझ्या मते मात्र ९१७ ची खरी गोष्ट १९६९ ची आहे, आणि ती फारशी कौतुकाची नाही.

तर झालं असं. दीर्घ पल्ल्याच्या शर्यतींत १९६८ पासून प्रोटोटाइप, म्हणजे प्रायोगिक गाड्यांच्या इंजिनाला ३ लिटरची मर्यादा आली. ५ लिटरपर्यंतचं इंजिन हवं तर गाडी 'स्पोर्ट्स कार' गटात हवी. त्यासाठी १९६९ साली निदान २५ गाड्या बनवलेल्या असणं पुरेसं होतं. शर्यतीसाठी एवढा खर्च कोण करतंय? पोर्शेच्या फर्डिनांड पिएशने केला! एप्रिल १९६९ मध्ये कारखान्याबाहेर २५ गाड्या ओळीने उभ्या करून त्याने परीक्षकांना दाखवल्या. कागदोपत्री गाडी तयार झाली.

प्रत्यक्षात ती प्रायोगिकच होती. साडेचार लिटरचं १२ सिलिंडरचं इंजिन, लांब शेपूट, आणि भरधाव वेगात सरळ रस्त्यावरही हेलकावे. मे महिन्यात स्पाच्या शर्यतीत सिफर्ट आणि रेडमन या कंपनीच्याच ड्रायव्हरांनी ९१७ सोडून जुनी ९०८ घेतली, आणि जिंकले. याहून स्पष्ट अभिप्राय कुठला हवा?

पण २५ बनवल्या की गिऱ्हाईकही शोधावं लागतं. एक गाडी जॉन वुल्फ या हौशी इंग्लिश ड्रायव्हरने घेतली. १४ जून १९६९ ला ल माँच्या पहिल्याच फेरीत तो गेला.

सगळा दोष गाडीचा, असं मी म्हणणार नाही. तेव्हा ड्रायव्हर पळत जाऊन गाडीत बसत आणि बरेचजण पट्टा न बांधताच निघत. त्याच शर्यतीत जॅकी इक्स निषेध म्हणून गाडीपर्यंत चालत गेला, पट्टा बांधून सगळ्यांच्या मागून निघाला, आणि शर्यत जिंकला. पण जी गाडी कंपनीचे कसलेले ड्रायव्हर टाळत होते, ती हौशी माणसाला विकावी का? मला हे पटत नाही. नियमाने गाड्या मोजल्या, पण गाडी रस्ता धरते का हे कुणी पाहिलं नाही.

उपाय सापडला तो ऑक्टोबरमध्ये, ऑस्ट्रियात. चाचणीच्या वेळी जॉन हॉर्समन या इंजिनियरच्या लक्षात आलं की गाडीभर चिलटं चिकटून मेलीत, पण शेपटीवरचे पंखे मात्र स्वच्छ आहेत. म्हणजे तिथे वाराच पोचत नव्हता! ॲल्युमिनियमचे पत्रे आणि चिकटपट्टी लावून तिथल्या तिथे शेपूट आखूड आणि उंच केली, आणि गाडी शहाण्यासारखी पळू लागली. १९७० मध्ये हेरमान आणि ॲटवुड यांनी ९१७ मधूनच पोर्शेला ल माँचा पहिला विजय मिळवून दिला.

लोक म्हणतात, धाडसाशिवाय अशी गाडी होत नाही. मान्य. पण पिएशने पणाला लावले ते कंपनीचे पैसे, आणि ड्रायव्हरांनी जीव. हे दोन्ही एकाच तराजूत कसे घालायचे? ऑक्टोबरात चिलटांकडे जेवढं लक्ष दिलं, तेवढं मे महिन्यात ड्रायव्हरांच्या नकाराकडे द्यायला हवं होतं, एवढंच माझं म्हणणं.

असो. गाडीवेड्या मित्रांना हे पटणार नाही, ठाऊक आहे. या भांडायला :)